मिरचीच्या वखारीतला दिवा

९ सप्टेंबर, सोमवार

काल आम्हा जैनांची संवत्सरी झाली. आज सकाळी बाईंच्या पाया पडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं, वर्षभरात बोलून-वागून दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून, आणि अगदी मनापासून म्हटलं. संध्याकाळी पुन्हा त्यांच्यावरच वैतागले. माझी क्षमा एक दिवससुद्धा टिकली नाही.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, दाखूबाई. या घरात सगळेच त्यांना बाई म्हणतात. नवापूरहून लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा सासूला बाई म्हणणं मला फार जड गेलं होतं. आता त्यांचं सुनेला मारवाडीत 'बिंदणी' म्हणणं ऐकायला जड जातं. एवढी वर्षं झाली, सून म्हणा, नेहल म्हणा, पण नाही, बिंदणी.

तर आज गरबा क्लासचा पहिला दिवस. सासरे गेल्यापासून त्यांची मिरचीची वखार आम्ही भाड्याने देतो. दसऱ्यानंतर मिरची यायला लागते, तोवर ती रिकामी. माझा नवरा रिषभ म्हणाला, तोवर वापर. नवरात्रात आपला ग्रुप मैदानावर नीट नाचला तर त्याच्या दुकानावरची खोली कायमची क्लासला देतो, असंही बोलला. मी ते दोनदा वदवून घेतलं. लग्नानंतर माझं म्हणावं असं हे पहिलंच काही आहे. ते हातचं जाऊ द्यायचं नाही.

बाई संध्याकाळची प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून वखारीत आल्या. मला वाटलं कौतुकाने आल्या. छताकडे बघून म्हणाल्या, "बिंदणी, किडे मरताहेत. बत्ती बंद कर." दिवा बंद करून पोरींनी अंधारात नाचायचं का? चातुर्मास आहे, जीव जपायचे, हे मलाही कळतं. पण पहिल्याच दिवशी?

११ सप्टेंबर, बुधवार

रिषभचं दुकान विजेच्या सामानाचं. गावभर एलईडी विकतो, पण घरच्या वखारीत लावलाय तो जुन्या साठ्यातला पाऱ्याचा दिवा, भोपळ्याएवढा. तो चालू केला की आधी मिणमिणतो. मग कितीतरी वेळाने नीट उजळतो. तोवर मी पोरींना उगाच कमरेचे व्यायाम देते. आज मध्येच लाइट गेली, लगेच आली, पण हा दिवा काही पेटेना. पोरी अंधारात खिदळत बसल्या.

घरी येऊन रिषभला झापलं तर त्याने मला शिकवायलाच घेतलं. म्हणे आत एक छोटी नळी असते, तिच्यात पाऱ्याचा थेंब आणि थोडा आर्गॉन वायू. आधी वायूतून वीज जाते, त्या उष्णतेने पारा हळूहळू वाफ होतो, मग खरा उजेड. आणि एकदा तापलेला दिवा विझला की वाफेचा दाब इतका असतो की वीज आरपार जाऊच शकत नाही. गार होईपर्यंत थांबायचं. म्हटलं, तुझ्या दिव्याला तुझाच स्वभाव आहे. त्यावर तो हसला. माझा क्लास बुडाला त्याचं काही नाही.

बाई आजही पूंजणी घेऊन आल्या. खाली पडलेले किडे त्या मऊ पिसाऱ्याने कागदावर घेतात आणि बाहेर निंबाखाली नेऊन सोडतात. परत येतात, वर बघतात, परत तेच, बत्ती बंद कर. पोरी तोंडावर ओढणी धरून हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शिंका, शिंका आणि शिंका. पाय आपटले की जमिनीच्या फटींतून मिरचीची धूळ उठते. दामिनीने तर गिरकी अर्धी सोडून डोळे धरले. ही माझी सगळ्यात चांगली पोर, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांची, इथे मावशीकडे राहून कॉलेज करते. ती पुढे असली की बाकीच्या आपोआप नीट नाचतात.

आमच्या कामवाल्या तापीबाईला म्हटलं, नळी लाव आणि वखार वरपासून खालपर्यंत धुऊन काढ, छताच्या कैच्यासुद्धा सोडू नकोस. तिला दिसावं म्हणून दिवा चालू ठेवला. तिने पाणी वर मारलं आणि फट्कन आवाज. तापलेल्या दिव्याची काच फुटून खाली. नशीब, कुणाला लागलं नाही. मी ओरडले तर ती शांतपणे म्हणते, "तुम्हीच सांगेल व्हतं ना ताई, कैच्या बी धुव." सांगितलं होतं मीच.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज मात्र रिषभचं कौतुक करायला हवं. सकाळी पडलेली काच उचलली, वर चढून बघितलं आणि म्हणाला, दिव्याला काही झालेलं नाही. आतली नळी म्हणजेच दिवा, बाहेरची काच नुसतं झाकण. आणि खरंच, संध्याकाळी पेटला! मध्ये वीज गेली तर पूर्वीपेक्षा लवकर परत पेटला. रिषभ कॉलर ताठ करून हिंडत होता. वखार धुऊन लख्ख, दिवा चालू, मन लावून सगळा गरबा करून घेतला, नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ.

उजेड मात्र विचित्र झालाय. निळसर-हिरवट. पोरींच्या लाल चणिया तपकिरी दिसत होत्या, ओठ तर काळेच. पण पांढऱ्या ओढण्या अशा चमकत होत्या की पोरी खूश, ताई हा दिवा नवरात्रातही लावा म्हणाल्या. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास येत होता. रिषभ म्हणाला, ओली वायर सुकतेय.

आणि किडे! पूर्वी यायचे त्याच्या कैकपट. बाई घामाघूम. दिव्याच्या बरोबर खाली पाट टाकून बसल्या, क्लास संपेपर्यंत हलल्या नाहीत. मला हाताने खुणावून जवळ बोलावलं आणि पोरींसमोर म्हणाल्या, "काच फुटल्यापासून हे वाढलंय. बत्ती बंद कर, बिंदणी." काच फुटण्याचा आणि किड्यांचा काय संबंध? क्लास बुडवायला काहीतरी निमित्त पाहिजे, दुसरं काय. मी सरळ दुर्लक्ष केलं.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी फोन उघडला तर मेसेजांचा ढीग. रात्रभर झोप नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी, उजेड बघवत नाही, पाणी थांबत नाही. जवळजवळ सगळ्याच पोरींचं हेच. चष्मा लावणाऱ्या तेवढ्या दोघी ठणठणीत. मीही चष्म्याचीच, मलाही डोळ्यांचं काही नाही, पण मान आणि गळा उन्हात राबल्यासारखे लालभडक, हात लावू देत नाहीत.

तापीबाईने लगेच निकाल दिला. "मिरचीनी वखार शे ताई, डोया त झोंबतीनच." धुतल्यावर फटींतली सगळी मिरची ओली होऊन वर आली, असं तिचं म्हणणं. पटलं. नंदुरबारात आग आग झाली की दुसरं कशाचं नाव घ्यायचं? हाताला मिरची, डोळ्याला मिरची, दिवाळीनंतर तर गावातून रिक्षा गेली तरी मिरची. चष्म्याने मिरची अडते हेही पटलं.

पुन्हा सगळी वखार धुतली, या वेळी साबण टाकून. जमीन सुकली का बघायला संध्याकाळी दिवा लावून ठेवला. बाई आपल्या तिथेही जाऊन बसल्या, किडे उचलत. घरात गुलाबपाण्याची बाटली नवी होती, ती अर्धी संपलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, मीच घेतलं. कशाला ते सांगितलं नाही. मला पोरींच्या डोळ्यांसाठी हवं होतं, आता परत बाजारात जा.

१८ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस सुट्टी दिली. काल गणपती गेले. पोरींचे डोळे आपोआप बरे झाले, म्हणजे मिरचीच ती. आज नव्या उत्साहाने क्लास. धूळ नाही, शिंका नाहीत. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त बाईंचं तेच पालुपद. आज तर त्या डोळ्यांवर पदर ओढून, चाचपडत किडे उचलत होत्या, मला दाखवायला. मी चिडून म्हटलं, तुम्हाला एवढं बघवत नाही तर घरी बसा ना.

त्या उठल्या आणि गेल्या. जाताना उंबऱ्याला अडखळल्या. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

परत तेच, आणि या वेळी जास्त. दामिनीला डोळे उघडता येत नाहीत. तिची आई सरलाबाई पहिल्या एसटीने गावाहून आली आणि आमच्या ओट्यावर उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. तुमच्या वखारीने माझ्या पोरीचे डोळे घालवले, उद्या मीच साऱ्या आयांना सांगते, एकही पोर येणार नाही. मी म्हणत राहिले की दोनदा धुतलंय, साबणाने धुतलंय. तिला काय, मलाच ते किती पोकळ वाटत होतं. शेवटी म्हटलं, उद्या मी स्वतः दामिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. तेव्हा ती शांत झाली.

घरात बाईंचा रुसवा वेगळाच. खोलीचे पडदे ओढून बसल्यात. कालपासून मौन आहे म्हणे, सामायिकाचं ध्यान चाललंय. त्यांचं पिण्याचं उकळून गार केलेलं पाणी नेऊन दिलं तर भांडं हातात न धरता सगळं फरशीवर सांडलं. पुसून काढताना माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. सगळं जग माझ्या क्लासच्या मुळावर उठलंय. रिषभला सांगितलं तर तो म्हणतो, बंदच करून टाक ना, कशाला डोक्याला ताप.

२० सप्टेंबर, शुक्रवार

हे सगळं कसं लिहू कळत नाही. आधी दवाखान्याचं लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी दामिनीचे डोळे तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, वेल्डिंग चालू असताना बघत बसली होतीस का? मी म्हटलं, मिरची. त्या म्हणाल्या, मिरचीने डोळा लगेच झोंबतो, हे काही तासांनी सुरू होतं, मध्यरात्री वाळू गेल्यासारखं, हो ना? दामिनीने मान हलवली. वेल्डिंग नाही, काही नाही, मग उजेड कसला असतो तुमच्याकडे? मी दिव्याचं सांगितलं. काच फुटली पण आतली नळी शाबूत आहे, असं रिषभच्याच तोऱ्यात सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला समजावलं. आतली नळी साध्या काचेची नसते, क्वार्ट्झची असते, कारण तापलेल्या पाऱ्याच्या वाफेपुढे साधी काच टिकत नाही. ती वाफ जो प्रकाश देते त्यातला बराच भाग अतिनील, आपल्याला न दिसणारा. क्वार्ट्झ तो आरपार सोडते. त्याला अडवते ती बाहेरची काच. तिच्या आतल्या पांढऱ्या लेपाने त्यातल्या काहीचा लालसर उजेड होतो, म्हणून एरवी रंग बरे दिसतात. झाकण गेलं की पोरी थेट त्या किरणांखाली. डोळ्याचं वरचं पातळ कातडं भाजतं, उन्हाने पाठ भाजते तसं. चष्म्याच्या काचेने तुम्हाला वाचवलं, पण मान बघा तुमची.

मी तिथेच बसून एकेक आठवत होते. तपकिरी चणिया. चमकणाऱ्या ओढण्या. मी विचारलं, आणि किडे? किडे का वाढतात? त्या म्हणाल्या, किड्यांना तो प्रकाश दिसतो. आपल्याला नाही दिसत एवढंच.

दामिनीला दोन-तीन दिवसांत पूर्ण बरं वाटेल म्हणाल्या. रिक्षात बसले आणि एकदम आठवलं. पोरी दिव्याखाली नाचत होत्या, इकडून तिकडे फिरत होत्या. दिव्याच्या बरोबर खाली, मान वर करून, एका जागी कोण बसलं होतं? आणि रविवारी पोरी नव्हत्या तेव्हाही कोण बसलं होतं?

घरी जाऊन बाईंच्या खोलीचा पडदा सारला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात बाजूला केले तर डोळे सुजून मिटलेले, गालांची सालं निघालेली. गेल्याच वर्षी मोतीबिंदू काढलाय त्यांचा. पाण्याचं भांडं त्यांना दिसलंच नव्हतं. आणि मी रागाने फरशी पुसत होते. मला हुंदकाच फुटला. म्हटलं, इतकं होत होतं तर बोलला का नाहीत?

"बोलले असते तर रिषभने वखारीला कुलूप लावलं असतं."

"मग तुम्हाला तेच तर हवं होतं ना, बाई?"

त्यांनी हात पुढे केला. मग माझा हात चाचपून धरला. "मी बत्ती बंद कर म्हणत होते, बिंदणी. क्लास बंद कर असं मी कधी म्हटलं?"

मी आठवून बघितलं. त्या खरंच कधीच म्हणाल्या नव्हत्या.

त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डोळ्यांवर पट्ट्या बांधल्यात. वेळ लागेल पण नजर जाणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि मला चांगलं खडसावलं. रिषभ दुकानातून धावत आला, वखारीत जाऊन दिवा उतरवला आणि नळी हातात घेऊन पायरीवर बसून राहिला.  माझ्यात आज कुणावर चिडायची ताकदच नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

ताकद परत आली. रिषभ सकाळी म्हणतो, झालं ते झालं, बाहेर सांगायची गरज नाही. सगळे मिरची म्हणताहेत ना, म्हणू दे. विजेच्या दुकानदाराच्या दिव्याने पोरींचे डोळे भाजले, असं गावात झालं तर दुकानात कोण येईल? आणि तुझा क्लास तरी वाचेल का? वखार अजून एकदा धुतली म्हणून सांग, एलईडी लावतो, संपलं.

मला लाज वाटते लिहायला, पण मला ते पटत होतं. मी सरलाबाईला काय सांगायचं ते मनात जुळवूनही ठेवलं होतं. नव्या साबणाचं नावसुद्धा ठरवलं होतं.

सरलाबाई दुपारी दामिनीला गावी न्यायला आली, तशी तिला घेऊन आमच्याकडेही आली. मी ओट्यावर तिला बसवून सुरुवात केली, मिरची अशी आहे की... तेवढ्यात मागून भिंतीला धरत बाई आल्या. डोळ्यांवर पट्ट्या, पदर खांद्यावरून घसरलेला. मी उठेपर्यंत त्या बोलूनही मोकळ्या झाल्या.

"मिरचीचा दोष नाही. आमचा दिवा फुटका होता, त्याने पोरींचे डोळे भाजले. माझेही भाजले. आमचं चुकलं."

सरलाबाई त्यांच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. मग सगळा राग माझ्यावर निघाला आणि तो मी ऐकून घेतला. फुटका दिवा कुणी लावून ठेवतं का? ठेवला होता आम्ही. दामिनीला घेऊन ती गेली. जाताना परत पाठवते की नाही, काही बोलली नाही.

मग मीच एकेका पोरीच्या घरी फोन लावले आणि खरं ते सांगितलं. काहींनी ऐकून फोन ठेवला. काही रडल्या. एकीच्या वडिलांनी रिषभच्या दुकानाचा उद्धार केला. रिषभ समोरच बसला होता. त्याने फोन माझ्या हातून घेतला आणि स्वतः माफी मागितली. सकाळी हाच माणूस म्हणत होता मिरची म्हणू दे.

प्रत्येकीला सांगितलंय, सोमवारी क्लास उन्हात, वखारीच्या अंगणात, साडेचारला. दिवा नाही, छत नाही. यायचं तर या.

२३ सप्टेंबर, सोमवार

साडेचार वाजले, कुणी नाही. मी अंगण झाडलं होतं, खुर्ची टाकून बाईंना निंबाखाली बसवलं होतं, पट्ट्या आज काढल्या पण काळा चष्मा लावायला सांगितलाय. दिसतं त्यांना, धुरकट. सवयीने पूंजणी मांडीवर. मी घड्याळाकडे बघून चिडत होते, कुणावर ते माझं मलाच कळत नव्हतं. खोली गेली, क्लास गेला, आणि ज्यांनी मला पहिल्या दिवसापासून सावध केलं त्यांच्या डोळ्यांवर माझ्यामुळे हा चष्मा.

संवत्सरी उलटून गेलीय, पण मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्, बाई." त्या म्हणाल्या, एकदा झालंय ना यंदा. म्हटलं, ते वरवरचं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. चष्मेवाल्या दोघी आधी आल्या. मग आणखी चारजणी. शेवटी दामिनी, आणि तिच्या मागे सरलाबाई, चेहरा अजून आंबट. ती सरळ बाईंच्या शेजारी जाऊन बसली. बसल्यावर त्यांना विचारलं, आता दिसतं का?

निम्म्याहून कमी पोरी. एवढ्यांचा ग्रुप नवरात्रात उभा राहील का, रिषभ खोली देईल का, मला माहीत नाही. आम्ही सुरू केलं. उन्हात लाल चणिया लाल दिसत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी ते बघून मला बरं वाटलं.

बाई मांडीवर बोटांनी ताल धरून होत्या. मध्येच हात वर केला. मला वाटलं, झालं, आता ऊन बंद कर म्हणतात.

"बिंदणी, एक टाळी सारखी मागे पडतेय."

मी थांबून सगळ्यांकडून टाळ्या परत घेतल्या, एकेकीच्या. दामिनी हसायला लागली. मागे पडणारी टाळी माझी होती, मी सारखी वळून बाईंकडेच बघत होते. मग बाईंचं जेवण उन्हं असेपर्यंत व्हायला हवं म्हणून क्लास लवकर सोडला. ताटातलं त्यांना अजून नीट दिसत नाही, मी भरवलं.